कागदापासून हिऱ्यापर्यंत

उंची स्पीकर विकणाऱ्या दालनात आज जी भाषा कानी पडते, ती एखाद्या जवाहिऱ्याच्या पेढीवर अधिक शोभावी. अमुक जोडीत हिऱ्याचा घुमट आहे, तमुक जोडीत बेरिलियमचा. एकीच्या शंकूवर ग्राफीन आहे, तर दुसरीचा शंकू कार्बनच्या तंतूंनी विणलेला. नव्या घराचा दिवाणखाना सजवताना स्पीकरच्या जोडीवर काही लाख रुपये खर्च करणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. अशा ग्राहकाच्या मनात या नावांनी एक प्रश्न हमखास उभा राहतो: पदार्थ दुर्मिळ आणि महाग, म्हणून आवाज चांगला, हे समीकरण खरे मानायचे काय?

व्यापारी घराण्यांत मालाची पारख पिढीजात असते. कापडाचा पोत, धान्याचा दाणा, सोन्याचा कस कसा पाहायचा, हे मुलांना शिकवावे लागत नाही. स्पीकरच्या शंकूचाही कस पाहता येतो. त्यासाठी त्याच्याकडून नेमके कोणते काम अपेक्षित आहे, हे आधी समजून घ्यायला हवे.

शंकूचे काम

स्पीकरची रचना मुळात साधी आहे. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक हलके वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, अधांतरी बसवलेले असते. ॲम्प्लिफायरकडून येणारा विद्युतप्रवाह या वेटोळ्याला पुढे-मागे ढकलतो. वेटोळ्याला चिकटवलेला शंकू त्याच्याबरोबर हलतो आणि समोरची हवा हलवतो. हवेची ही हालचाल कानाला सूर म्हणून ऐकू येते. आजच्या स्वरूपातील स्पीकरचा पाया अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने घातला. त्याला शंभर वर्षे झाली, तरी मूळ तत्त्व बदललेले नाही.

वेटोळे जसे हलेल तसे संपूर्ण शंकूने एकसंध हलावे, एवढीच अपेक्षा. खर्जाच्या स्वरांपर्यंत ती सहज पुरी होते. कंपने सेकंदाला हजारोंच्या घरात गेली की मात्र अडचण सुरू होते. धक्का शंकूच्या मानेपाशी बसतो आणि कडेपर्यंत पोहोचण्यास त्याला वेळ लागतो. मधला भाग पुढे निघालेला असताना कड अजून मागे जात असते. शंकू मग लहरी-लहरींनी वाकू लागतो. अभियंते या अवस्थेला ‘ब्रेकअप’ म्हणतात. या अवस्थेत शंकू मूळ गाण्यात स्वतःचा आवाज मिसळू लागतो.

तबल्याशी तुलना केली तर हे चटकन ध्यानात येईल. तबल्याच्या पुडीवर शाई बसवलेली असते, म्हणून त्या पुडीचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांच्या या वैशिष्ट्याकडे जगाचे लक्ष वेधले. वाद्याला स्वतःचा आवाज हवाच. तोच त्याचा प्राण. शंकूला मात्र तो असता कामा नये. त्याला आज तबला, उद्या सतार आणि परवा मानवी गळा व्हायचे असते.

त्यासाठी शंकूच्या अंगी तीन गुण लागतात. तो ताठ हवा, म्हणजे वाकणार नाही. तो हलका हवा, म्हणजे वेटोळ्याच्या हुकमाबरोबर हलेल आणि थांबेल. शिवाय त्याच्यात कंपने जिरवण्याची शक्ती हवी, म्हणजे वाकलाच तरी घुमत राहणार नाही. काशाच्या थाळीवर टिचकी मारली तर नाद कितीतरी वेळ रेंगाळतो. लाकडी पाटावर मारली तर आवाज तिथल्या तिथे विरतो. थाळी ताठ आहे, पण नाद जिरवत नाही; पाट नाद जिरवतो, पण थाळीइतका ताठ नाही. निसर्गाने हे तीनही गुण एका पदार्थात भरभरून दिलेले नाहीत. एका खात्यात जमा वाढवली की दुसऱ्या खात्यात नावे टाकावे लागते. शंकूच्या पदार्थांचा शंभर वर्षांचा इतिहास हा या जमाखर्चाचा इतिहास आहे.

कागदाचा वारसा, प्लॅस्टिकची शिस्त

पहिले शंकू कागदाचे होते. कागद हलका असतो, बऱ्यापैकी ताठ असतो आणि त्यातील तंतूंच्या गुंत्यामुळे कंपने जिरवतोही. तीनही विषयांत उत्तीर्ण, पहिला क्रमांक एकातही नाही, असा हा विद्यार्थी. त्याची खरी उणीव वेगळीच होती. लगद्याच्या एका घाणीतून निघालेले शंकू पुढच्या घाणीतील शंकूंशी तंतोतंत जुळत नसत आणि हवेतील ओलावा शोषून कागदाचे गुण बदलत.

ही उणीव सर्वाधिक जाचली ती ब्रिटनच्या बीबीसीला. तेथील ध्वनिमुद्रकांना एका केंद्रात ऐकलेला आवाज दुसऱ्या केंद्रातही तसाच ऐकू यायला हवा होता. बीबीसीच्या संशोधन विभागाने म्हणून बेक्स्ट्रीन या पॉलिस्टायरीन वर्गातील प्लॅस्टिककडे मोर्चा वळवला. बेक्स्ट्रीनचे शंकू एकसारखे निघत. पण ते जड होते आणि त्यांचा स्वतःचा नाद दाबण्यासाठी त्यांवर चिकट लेप द्यावा लागे. १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला एलएस ३/५ए हा छोटेखानी स्पीकर याच शंकूवर उभा होता. त्याचे चाहते आजही जगभर आहेत.

बीबीसीतील डडली हारवुड यांनी पुढे पॉलिप्रॉपिलीनचा शंकू विकसित केला. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहूनही हलके असते आणि नाद अंगचाच जिरवते. लेपाची गरज उरत नाही. १९७७ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि आपले आडनाव व पत्नी एलिझाबेथ यांचे नाव जोडून तिला हार्बेथ म्हटले. पॉलिप्रॉपिलीनचा दोषही स्पष्ट होता: ते मऊ असते. त्याच्या आवाजात कर्कशपणा येत नाही, पण सूक्ष्म तपशील कधी कधी त्या मऊपणात जिरून जातात, अशी तक्रार राहिली. पॉलिप्रॉपिलीनचे हलकेपण आणि जिरवण्याची शक्ती जमेला धरली, तर खर्चाच्या बाजूला ताठपणा आला.

त्याच सुमारास वर्दिंग येथील बॉवर्स अँड विल्किन्स या कंपनीने तिसरी वाट धरली. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली केव्हलारचा शोध लावला होता. बंदुकीच्या गोळीपासून रक्षण करणारी जाकिटे याच तंतूची बनतात. १९७६ साली या तंतूच्या विणीचा पिवळा शंकू बाजारात आला. केव्हलार अभेद्य, म्हणून आवाज चांगला, असा समज तेव्हापासून रूढ झाला; पण कारण वेगळे होते. विणलेल्या कापडाचा ताठपणा उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने एक आणि तिरप्या दिशेने दुसरा असतो. त्यामुळे वाकण्याच्या लहरी साऱ्या कडेवर एकाच क्षणी पोहोचत नाहीत आणि एकत्र येऊन गोंगाट करू शकत नाहीत. ब्रेकअप टळला नव्हता; तो विखुरला गेला होता. सुमारे चार दशके हे विणकाम या कंपनीची ओळख होते. २०१५ साली तिनेच आपल्या सर्वोच्च मालिकेत त्याची जागा ‘कंटिन्यूअम’ या रुपेरी विणीला दिली.

धातूचे घुमट आणि हिऱ्याचा पडदा

उच्च स्वरांसाठी वापरल्या जाणाऱ्या ट्वीटरमध्ये शंकूऐवजी साधारण एक इंच व्यासाचा घुमट असतो. येथे अभियंत्यांनी वेगळा हिशेब मांडला. ब्रेकअप जर होणारच असेल, तर तो माणसाच्या ऐकण्याच्या मर्यादेपलीकडे ढकलून द्यावा. ही मर्यादा तरुण कानांसाठी सेकंदाला सुमारे २०,००० कंपने, म्हणजे २० किलोहर्ट्झ असते आणि वयानुसार उतरत जाते.

ॲल्युमिनियमच्या घुमटाने ब्रेकअप या मर्यादेच्या थोडा पलीकडे जातो. बेरिलियम त्याहून सरस. त्याची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन-तृतीयांश, ताठपणा मात्र सुमारे चौपट. परिणामी त्यातून ध्वनिलहर ॲल्युमिनियमच्या अडीच पट वेगाने धावते. जपानच्या यामाहा कंपनीने १९७४ साली एनएस-१००० या मालिकेत बेरिलियमचे घुमट वापरले. फ्रान्सच्या फोकल कंपनीने या शतकाच्या आरंभी त्यांना पुन्हा प्रतिष्ठा दिली. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने त्याची घडण कडक बंदोबस्तात करावी लागते आणि किंमत चढते. अखंड घुमटापासून घरात धोका नाही. पण तो तुटलाच तर हात न लावता सेवा केंद्राला कळवावे.

हिऱ्याचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे पंधरा पट असतो. ट्वीटरचा हिरा खाणीतून येत नाही. मिथेन आणि हायड्रोजन वायूंच्या मिश्रणातून कार्बनचे थर एका साच्यावर जमवत जातात आणि शेवटी साचा काढून घेतात. सुरतेत तयार होणारे आणि मुंबईच्या बाजारात पोहोचणारे प्रयोगशाळेतील सीव्हीडी हिरे याच पद्धतीचे. हिऱ्याच्या व्यवसायातील वाचकांना यातला भेदही लगेच कळेल: दागिन्यातील हिरा एकस्फटिकी असतो, तर घुमटातील पातळ पडदा असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा असतो. त्याला पैलू नाहीत आणि रत्न म्हणून मोलही नाही. बॉवर्स अँड विल्किन्सने २००५ च्या सुमारास हे घुमट आपल्या मोठ्या स्पीकरमध्ये आणले. त्यांचा ब्रेकअप सुमारे ७० किलोहर्ट्झवर होतो, असे कंपनी सांगते.

माणूस २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, तर ७० चा उपयोग काय, असे कोणीही विचारील. ब्रेकअप जितका दूर, तितका ऐकू येणाऱ्या पट्ट्यात घुमट एकसंध हलण्याची खात्री अधिक, हे त्याचे उत्तर. पण ३० वरून ७० वर गेल्याने मिळणारा लाभ २० वरून ३० वर गेल्याने मिळालेल्या लाभाइतका मोठा नसतो, हेही तितकेच खरे. किंमत मात्र याच शेवटच्या टप्प्यात सर्वाधिक उसळते.

याच्या उलट दिशेची परंपरा कापडी घुमटांची आहे. ते ताठ नसतात. त्यांच्यावरील लेप कंपने जिरवून टाकतो आणि उत्तम बनावटीचा कापडी घुमट धातूच्या घुमटाशी सहज बरोबरी करतो. यातील अनेक घुमट रेशमाचे असतात, तर काही कृत्रिम धाग्यांचे. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या घरांनी खरेदीपूर्वी याची विचारणा अवश्य करावी. माहितीपत्रकात ‘सॉफ्ट डोम’ असे लिहिलेले असेल, तर त्यावरून कापड कोणते ते कळत नाही.

धातूचा मोठा शंकू हे आणखी निराळे प्रकरण. साडेसहा इंची धातूचा शंकू एका मर्यादेपर्यंत अत्यंत स्वच्छ चालतो आणि मग साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान घंटेसारखा वाजतो. क्रॉसओव्हर, म्हणजे स्वरांची वाटणी करणारे मंडल, ते स्वर त्याच्याकडे जाऊ देत नाही. तरी धोका संपत नाही. शंकूचा ब्रेकअप ६ किलोहर्ट्झवर असेल, तर २ किलोहर्ट्झच्या स्वरात मोटरने निर्माण केलेला तिपटीचा दोष नेमका त्याच जागी पडतो आणि वाढून ऐकू येतो. म्हणून धातूचा शंकू वापरणाऱ्याला मोटरही तितकीच निर्दोष घडवावी लागते. केवळ शंकू महाग घेऊन भागत नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्याचे तत्त्व

गेल्या काही दशकांतील सर्वांत फलदायी कल्पना कोणत्याही नव्या पदार्थाची नाही. ती प्रत्येक गोदामात रचून ठेवलेली असते. माल पाठवण्याच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा पाहावा: बाहेर दोन पातळ कागद, आत नागमोडी पोकळ थर. तेवढ्याच वजनाचा सपाट कागद हातात सहज वाकतो. हा पुठ्ठा वाकत नाही. पदार्थ तोच असताना जाडी दुप्पट झाली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. म्हणून जाडी वाढवायची आणि वजन वाढू द्यायचे नाही, हे साधले की काम झाले.

फोकलने काचतंतूंच्या दोन पापुद्र्यांमध्ये फेस भरून असे शंकू केले. २०१३ साली त्याच कंपनीने मधला थर जवसाच्या तंतूंचा केला. ज्याच्या बियांची चटणी आपल्याकडे जेवणात असते, त्याच जवसाच्या खोडातून लिननचा धागा निघतो आणि फ्रान्स त्याचा मोठा उत्पादक आहे. हा तंतू आतून पोकळ, म्हणून हलका असतो आणि कंपने चांगली जिरवतो. बॉवर्स अँड विल्किन्सच्या खर्जाच्या शंकूतही कार्बनच्या दोन पापुद्र्यांत फेस असतो. शिवाय त्याची जाडी जागोजागी गरजेप्रमाणे कमी-जास्त ठेवलेली असते. असा आकार आता संगणकावर गणिताने ठरवला जातो आणि तयार शंकू कसा वाकतो, हे लेसरच्या झोताने बिंदू-बिंदू मोजता येते. पूर्वी जे कान आणि अनुभव यांवर सोडावे लागे, ते आज पडद्यावर दिसते.

याच कारणामुळे कागद हद्दपार झालेला नाही. कागद हलका असल्याने तेवढ्याच वजनात जाड करता येतो. डेन्मार्कची स्कॅनस्पीक कंपनी कागदी शंकूला चिरा देऊन त्या गोंदाने भरते, जेणेकरून वाकण्याची लहर वाटेतच अडावी. अमेरिकेची विल्सन ऑडिओ ही अतिमहाग स्पीकर बनवणारी कंपनी मधल्या पट्टीसाठी कागदी लगद्यावर आधारित शंकू वापरते. केव्हलार आणि हिरा यांच्या शेजारी कागद आपल्या जागी टिकून आहे, यात ग्राहकाने घ्यावा असा बोध आहे.

शंकूपलीकडे

अलीकडच्या संशोधनाचा रोख शंकूभोवतालच्या भागांकडे वळला आहे. डेन्मार्कच्याच प्युरिफाय कंपनीने २०१९ साली आणलेल्या साडेसहा इंची स्पीकरची लवचीक किनार विचित्र, चढ-उतारांची दिसते. साधी गोल किनार शंकू पुढे-मागे होताना हवा ढकलणारे क्षेत्रफळ किंचित बदलते आणि आवाजात दोष आणते. चढ-उतारांची किनार ते क्षेत्रफळ स्थिर ठेवते. अतिशय अल्प दोषांसाठी नावाजलेल्या या स्पीकरच्या पहिल्या आवृत्तीतील शंकू कागदी आहे. ब्रिटनच्या केईएफ कंपनीने २०२० साली ट्वीटरच्या मागे चक्रव्यूहासारख्या नळ्यांची एक चकती बसवली. मागे फेकला जाणारा आवाज तीत शोषला जातो; कंपनीच्या दाव्यानुसार ९९ टक्के. शंकूला मागून धरून ठेवणाऱ्या कापडी जाळीचाही आवाज होतो, हे ओळखून २०२१ साली बॉवर्स अँड विल्किन्सने मधल्या पट्टीच्या स्पीकरमधून ती काढून टाकली आणि तिच्या जागी बारीक फाट्यांचा आधार दिला.

किनारीचा विचार आपल्या हवामानात आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. फेसाची किनार काही वर्षांनी चुरा होऊन गळते आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही झीज लवकर होते. रबराची किनार कितीतरी अधिक टिकते. शंकू कशाचा आहे हे विचारणारे ग्राहक अनेक असतात. किनार कशाची आहे हे फारसे कोणी विचारत नाही.

पारख कशी करावी

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षे श्रोत्यांना स्पीकर न दाखवता ऐकवले. तिरप्या दिशांनाही समतोल आवाज देणारे स्पीकर श्रोते बहुधा पसंत करतात, असे त्यांच्या कामातून दिसले. पुढे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्यासह त्यांनी १९९४ साली एक निबंध सादर केला. तेच स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले असता श्रोत्यांचे गुणांकन बदलले. आकार आणि नाव यांनी कानांवर मात केली होती. पदार्थांच्या झगमगाटातून जाणाऱ्या ग्राहकाने हा निष्कर्ष गाठीशी बांधून ठेवावा.

खरेदीपूर्वी चार गोष्टी कराव्यात. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी समान ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. समोर पडदा लावून, नाव न सांगता ऐकवण्याची विनंती करावी. वर्षानुवर्षे ऐकलेले गाणे सोबत न्यावे. तंबोऱ्याच्या आसेत आणि ओळखीच्या गळ्यात दोष जितका लवकर सापडतो, तितका विक्रेत्याच्या निवडक रेकॉर्डमध्ये सापडत नाही. अखेरची गोष्ट म्हणजे शक्य असेल तर जोडी काही दिवस घरी आणून ऐकावी, कारण गुळगुळीत फरशी आणि मोठ्या काचा असलेल्या दिवाणखान्यात कोणत्याही शंकूचा आवाज बदलतो. जाड सतरंजी आणि पडदे यांवर केलेला थोडा खर्च अनेकदा स्पीकरवरील मोठ्या खर्चाहून अधिक फळ देतो.

हिरा, बेरिलियम, जवस आणि कागद हे चारही पदार्थ उत्तम अभियंत्याच्या हाती उत्तम आवाज देतात. त्यांपैकी एकही निकृष्ट मोटर, कच्ची पेटी वा चुकलेला क्रॉसओव्हर यांची भरपाई करू शकत नाही. म्हणून शंकूच्या पदार्थाचे नाव सांगणाऱ्या विक्रेत्याला, या पदार्थातील दोष तुम्ही कोठे आणि कसा बसवला, असे शांतपणे विचारावे. त्याच्याकडे नीट उत्तर असेल, तर पुढची बोलणी करण्यास हरकत नाही.